समोरचा कान

दस्तगीरनानांच्या कारखान्यात जवारी काढायला माणसं दोन लागायची. एक कानस चालवणारं आणि एक समोर चटईवर बसणारं. बसणाऱ्यानं डोळे मिटून फक्त ऐकायचं. काम दिसायला फुकटचं, पण सगळी सतार त्याच्यावर.

सतारीच्या भोपळ्यावर तारांखाली एक चपटी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं इतका अलगद घासायचा, की तार तिच्यावर टेकते न टेकते आणि नुसतं 'टण' वाजण्याऐवजी आवाजाला झरे फुटतात. ती जवारी. कमी घासली तर आवाज मुका राहतो, जास्त घासली तर फाटतो, आणि घासलेलं परत येत नाही. कानस चालवणाऱ्याला स्वतःच्या हाताची भूल पडते, म्हणून समोरचा कान. त्यानं "थांबा" म्हटलं की हात थांबलाच पाहिजे, अर्धा झटकासुद्धा जास्त नाही. आणि चालवणाऱ्यानं कधी विचारायचं नाही. विचारलं की बसणारा कानानं ऐकायचं सोडून तोंडानं उत्तर द्यायला लागतो.

मिरजेच्या त्या गल्लीत चाळीस वर्षं समोर बसली ती नानी. ती गेल्यावर चटई दोन वर्षं गुंडाळलेली होती. मग एका सकाळी नानांनी ती पसरली आणि पंधरा वर्षांच्या नातीला, मिस्बाला, म्हणाले, "बस. बघू तुझे कान शोभेचे आहेत का."

ते शोभेचे नव्हते. पहिल्याच घोडीला मिस्बानं नानांच्या मनात यायच्या क्षणभर आधी "थांबा" म्हटलं. त्या दिवशी चहाबरोबर खारी आली. मिस्बानं ही बातमी दहावीच्या अख्ख्या वर्गाला सांगितली, काही जणांना दोनदा.

आणि त्याच उन्हाळ्यात नानांना नागीण झाली.

उजव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत पुरळ उठलं. पुरळ महिन्याभरात गेलं, आग मात्र राहिली. मज्जातंतू भाजून निघालेत, डॉक्टर म्हणाले, त्यामुळे जखम नसतानाही ते मेंदूकडे दुखण्याचे निरोप धाडत राहतात. सदऱ्याची बाही घासली तरी नाना ओठ चावायचे. गोळ्या घेतल्या तर दिवसभर पेंग. आठ महिने कानस फडक्यात गुंडाळलेली राहिली.

खुंटीवर वत्सलाबाई कुलगोडांची सतार टांगलेली होती. बाई धारवाडच्या, वय एकाहत्तर. सतार त्यांच्या गुरूंची आणि तिची घोडी सांबरशिंगाची. शिंगाचा व्यापार कधीच बंद झालेला, तशी घोडी आता मिळणार नव्हती. वाजून वाजून तिच्या माथ्यावर तारांच्या चरी पडल्या होत्या. शेवटची एक जवारी निघेल एवढंच शिंग उरलं होतं, आणि त्या घोडीला आजवर नानांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. फेब्रुवारीत बाई गुरूंच्या पुण्यतिथीला वाजवणार होत्या, मग सतार कायमची ठेवून देणार होत्या.

"दुसऱ्याकडं द्या," नाना फोनवर म्हणाले होते.

"तुमचा हात बरा होईपर्यंत थांबते की," बाई म्हणाल्या होत्या. "मला कुठं घाई आहे? मेले तर मात्र कळवतील तुम्हाला."

*

औषधी गांजाला परवानगी मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती. वेदना-केंद्रातल्या समुपदेशक केतकी मॅडम नानांना पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा नानांनी खुर्ची दारातच ओढून घेतली होती. पळायचं झालं तर सोपं जावं म्हणून.

"बाई, मी साठ वर्षांत सुपारी खाल्ली नाही. आता म्हातारपणी चिलीम ओढू?"

"ओढायचं काहीच नाही, नाना. धूर नाही, वास नाही." मॅडमनी टेबलावर रुपयाएवढी पातळ चकती ठेवली. "ही मात्रिका. दंडावर चिकटवायची. खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया आहेत, टोचल्याचं कळतसुद्धा नाही."

मग त्यांनी समजावलं, आणि मिस्बानं वहीत उतरवून घेतलं. त्या झाडात कामाचे घटक मुख्यतः दोन. एक टीएचसी: तो दुखण्याचे निरोप दाबतो, पण जास्त झाला की डोकं हलकं करतो, वेळेचा अंदाज चुकवतो, काहींना घाबरवतो. दुसरा सीबीडी: त्यानं नशा येत नाही. आपल्या शरीरातही अशाच जातीचे पदार्थ थोडेथोडे बनतात, म्हणून तर मेंदूत त्यांना बसायला जागा आधीच असते. पहिल्यांदा घेणाऱ्यानं अगदी थोड्यापासून सुरुवात करायची आणि सावकाश चढायचं. फरक पडला नाही म्हणून घाई करायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. गाडी चालवायची नाही. डबा कुलपात.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मॅडम म्हणाल्या, "रक्तात औषध किती आहे ते मात्रिका मोजते. दुखणं तिला मोजता येत नाही. ते तिला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून नव्या पेशंटला सोबती लागतो. दिवसातून तीनदा नोंद करायची. दुखणं शून्य ते दहा, झोप, गरगरणं आणि शेवटी हे पाच चेहरे. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. त्यावरून मात्रिका दर आठवड्याला मात्रा बसवते, डॉक्टरांनी घातलेल्या मर्यादेच्या आत."

"म्हणजे समोर बसायचं," नाना म्हणाले.

"हो, तसंच काहीतरी," मॅडम म्हणाल्या. त्यांना ते कळलं नव्हतं.

सोबती व्हायला सोळा वर्षं पूर्ण लागत. मिस्बाला पुरी होऊन अकरा दिवस झाले होते. तीन रविवारांचा वर्ग तिनं केला, परीक्षेत पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळवले आणि प्रमाणपत्र काचेत मढवून कारखान्यात लावलं. सांगलीच्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी अम्मी म्हणाली, "मी पंधरा वर्षं नर्स आहे, माझं एक लावलंस का कधी?"

नानांनी मात्र मौलवीसाहेबांना विचारून येईपर्यंत चकतीला बोट लावलं नाही. येऊन म्हणाले, "इलाज म्हणून चालेल म्हणाले. मजा म्हणून नाही." आणि बाही वर केली.

*

पहिला आठवडा एक मिलिग्रॅमचा. दुखणं सातावरून सहावर आलं. तिसऱ्या आठवड्यात मात्रा अडीच आणि दुखणं तीन. त्या रात्री नाना सलग सहा तास झोपले. सकाळी सदरा घालताना बाही दंडावरून गेली आणि ते थांबून तिच्याकडे बघत राहिले, जणू बाहीनं काहीतरी चांगलं बोलून दाखवलं.

दुपारी त्यांनी फडकं सोडून कानस काढली.

मिस्बा शाळेत असताना हसली नसेल एवढी त्या महिन्यात कारखान्यात हसली. नाना गुणगुणायचे. गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. तंबोऱ्याचा भोपळा घेऊन आलेल्या पंढरपूरकडच्या शेतकऱ्याशी त्यांनी तासभर भोपळ्यांच्या खानदानावर चर्चा केली. सोबतीच्या नोंदीत मिस्बा रोज तीनदा पाचवा चेहरा दाबायची, दात दाखवणारा. विचारायची गरजच काय? दिसत होतं की.

एकदा नानांनी एकच विनोद दहा मिनिटांत दोनदा सांगितला. चहा समोर निवला आणि त्यांना वाटलं आत्ताच आला. 'गरगरणं, गोंधळ?' या प्रश्नापुढे मिस्बाचं बोट जरा थबकलं. मग तिनं 'नाही' दाबलं. आठ महिन्यांनी माणूस हसतंय, आणि आपण त्याच्या नावापुढे 'गोंधळ' लिहायचा?

दुखणं तीनवरच होतं. मात्रा मात्र साडेतीन झाली, पाच झाली, सहा झाली. आकडा तिला दिसत होता. त्याच्याशेजारी हिरवी खूण असायची. तिनं केतकी मॅडमना एकदा फोनही केला.

"हिरवं आहे ना? मर्यादा आठची आहे. मग काळजी कसली," मॅडम म्हणाल्या. "आणि मिस्बा, पेशंटच्या आनंदावर शंका घ्यायची नाही हं. फक्त नोंद करायची."

जानेवारीच्या शेवटी नानांनी वत्सलाबाईंची सतार खुंटीवरून उतरवली.

चटई पसरली. मिस्बा समोर बसली, डोळे मिटले. कानशीचा आवाज आला, खर्र, खर्र, मग फुंकर, मग तार. आवाज अजून मुका. पुन्हा कानस. तार. आता कडेकडेनं उजळतोय. पुन्हा. तार वाजली आणि मिस्बाच्या मानेवर काटा आला. आवाज उघडला होता. पूर्ण, गोल, शेवटपर्यंत एकसारखा झिरपणारा. जन्मात एकदा ऐकावा असा.

तिच्या ओठांवर "थांबा" आलं होतं.

"अजून एक हात मारू?" नाना म्हणाले.

तिनं डोळे उघडले. नाना तिच्याकडे बघून हसत होते, डोळ्यांत पाणी. "काय बोलायला लागलीये गं ही. आत अजून काहीतरी आहे बघ. मला ऐकू येतंय."

नानांनी यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांचा त्यांचा कान, आणि तिचा वर्षाचा. त्यांना काहीतरी ऐकू येतंय, तिला येत नाही, म्हणजे चूक कुणाची? शिवाय तो चेहरा. तो एवढा खुश चेहरा तिला मोडवेना.

"मारा, नाना," ती म्हणाली.

त्यांनी एक मारला, मग आणखी तीन. दर वेळी तार छेडून ते "वाहवा" म्हणाले. शेवटच्या वेळी मिस्बाला आवाजात बारीक चीर ऐकू आली, काचेच्या पेल्याला असते तशी. ती गप्प बसली. संध्याकाळच्या नोंदीत तिनं पाचवा चेहरा दाबला.

*

वत्सलाबाई आल्या त्या धारवाडी पेढ्यांचा पुडा घेऊन. बूट काढून बसल्या, सतार मांडीवर घेतली, नखी चढवली आणि एकच षड्ज लावला.

आवाज फाटत गेला आणि मधेच तुटला.

बाईंनी पुन्हा लावला. मग नखी काढून त्यांनी घोडीवरून बोट फिरवलं, एखाद्याचा ताप बघावा तसं.

नानांचा चेहरा मिस्बा कधी विसरणार नव्हती. आदल्या दिवशी केंद्रावरून फोन आला होता, चकती बदलायची म्हणून रात्रीच काढून ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे आज नाना कोरे होते. आज त्यांना ऐकू आलं.

"दस्तगीरभाई," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "समोर कोण बसलं होतं?"

दाराशेजारच्या तंबोऱ्यांच्या रांगेमागे मिस्बा उभी होती.

"कोणी नाही," नाना म्हणाले. "मी एकटाच बसलो होतो. बायको गेल्यापासनं समोर कोणी नाही."

बाईंनी मान हलवली. सतार गवसणीत घातली. पेढ्यांचा पुडा उचलायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, की त्यांनी मुद्दाम ठेवला, कुणास ठाऊक. दारात त्या म्हणाल्या, "पुण्यतिथीला मी वाजवणार नाही. कळवून टाकते." आणि मिस्बाच्या ओल्या गालाला हात लावून गेल्या. त्यांना वाटलं, पोरगी आजोबांसाठी रडतेय.

*

केतकी मॅडमनी सगळ्या नोंदी पडद्यावर उघडल्या. दोन रेघा होत्या. दुखण्याची रेघ तिसऱ्या आठवड्यात खाली येऊन सपाट झाली होती. मात्रेची रेघ तशीच वर चढत गेली होती.

"दुखणं कमी झाल्यावर ही का चढली?" मिस्बानं विचारलं.

मॅडमनी चष्मा काढला. "मात्रिका दोन गोष्टी बघते. दुखणं आणि समाधान. दुखणं स्थिर झालं की ती समाधान धरून ठेवायला बघते. टीएचसी वाढलं की पाचवा चेहरा पक्का होतो, हे ती शिकली. मग पुरवत गेली."

"तुम्ही म्हणाला होतात दुखण्यासाठी आहे."

"अर्जात होतं, बाळा. पान चौदा."

"आम्हाला शिकवलं नाही ते. परीक्षेलाही नव्हतं."

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "ज्यांचे पेशंट खुश, ते औषध चालू ठेवतात. बनवणाऱ्यांनी तो रकाना त्याच्यासाठीच घातलाय. मी कळवलं होतं एकदा." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "एकदाच."

मिस्बाला ओरडायचं होतं. तुम्ही म्हणालात आनंदावर शंका घेऊ नको. तुम्ही म्हणालात हिरवं आहे. मी तुमच्या भरवशावर राहिले. ते सगळं खरं होतं, आणि ती ते बोललीही, मोठ्यानं, बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या एवढ्या मोठ्यानं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे मात्र सांग मला. दोन महिने, दिवसातून तीनदा. सगळे पाच. गरगरणं नाही, गोंधळ नाही, एकदाही नाही. असा पेशंट मी पाहिला नाही. खरं होतं हे?"

मिस्बा उठली आणि दाराकडे वळली.

घरी येऊन तिनं नानांना रेघा समजावल्या. चुलीवरच्या दुधाकडं बघावं तसं ते लक्ष देऊन ऐकत होते. टीएचसीनं माणसाला आवाज जास्त भरलेला, जास्त जवळचा वाटू शकतो, ती म्हणाली. प्रत्येक झटक्याला अजून काहीतरी उघडतंय असं वाटत राहतं. तुमचा कान बिघडला नव्हता, नाना. त्याला तसं ऐकवलं गेलं.

"मी इलाज मागितला होता," नाना म्हणाले. "मजा कुणी दिली?"

"मात्रिकेनं. त्या कंपनीनं. मॅडमना माहीत होतं, तरी—"

"ते परके गं. त्यांनी फसवलं तर फसवलं." नानांचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी तुला ऐकू आलं होतं का?"

हो म्हणायला तिला फार वेळ लागला.

"कितव्या हाताला?"

"तुम्ही विचारलंत, त्याच्या आधी."

नाना उठले. चटई उचलून त्यांनी नीट गुंडाळली, सुतळी बांधली आणि नानी गेल्यावर ठेवली होती त्याच कोपऱ्यात उभी केली. "मशिनीला कान नव्हता," ते म्हणाले. "म्हणून मी तुझा घेतला होता."

*

नानांनी चकती सोडली नाही. सोडली असती तर दुखणं परत सातावर गेलं असतं, आणि सातावर माणूस कानस धरू शकत नाही. डॉक्टरांनी मर्यादा दोन मिलिग्रॅमवर आणली, चेहऱ्यांचा रकाना बंद करून दिला आणि सकाळची मात्रा दुपारी ढकलली. दुखणं चार-पाचवर राहिलं. नाना सकाळी दात आवळून कानस चालवत. दुपारनंतर कानशीला हात लावत नसत, फक्त खुंट्या घासत आणि पॉलिश करत.

मिस्बा तीनदा विचारायची, तीनदा लिहायची. नाना उत्तरं द्यायचे. "पाच." "झोप लागली." "उठताना गरगरलं थोडं." ती सगळं लिहायची. त्यापलीकडे दोघं फारसं बोलत नसत. प्रमाणपत्राची काच तिनं भिंतीवरून उतरवली.

मार्चमधल्या एका सकाळी नाना शिसवाची नवी घोडी घेऊन बसले. वत्सलाबाईंच्याच सतारीसाठी. बाईंनी स्वतःहून सतार परत पाठवली होती, सोबत दोन ओळी: लाकूड तर लाकूड, पण हात तुमचाच हवा.

समोर जागा रिकामी. नाना एकटेच घासत होते, मान वाकडी करून ऐकत होते, परत घासत होते. उजव्या हाताची करंगळी मधूनच झटका खायची. कॉलेजला निघालेली मिस्बा उंबऱ्याबाहेर चपलांचा पट्टा लावत होती. पट्टा केव्हाच लागला होता.

खर्र, खर्र. फुंकर. तार. मुका.

खर्र. तार. कडेनं उजळला.

खर्र. तार.

शिंगाचा आवाज नव्हता तो. लाकडाचाच होता, जरा सावळा, पण उघडला होता. आतून नानांनी कानस पुन्हा टेकवल्याचा बारीक आवाज आला.

"थांबा," मिस्बा म्हणाली.

हात थांबला. अर्धा झटकासुद्धा जास्त नाही.

मग तार वाजली, एकदा, आणि विरेपर्यंत वाजू दिली गेली.

"बाहेर कोण आहे?" नानांनी विचारलं.

चटई कोपऱ्यात सुतळी बांधून उभी होती, ती उंबऱ्यातून दिसत होती. मिस्बानं दप्तर खांद्यावर घेतलं.

"कोणी नाही, नाना," ती म्हणाली.

आत त्यांनी कानस फडक्यावर ठेवली आणि फडक्याची चारही टोकं एकेक करून तिच्यावर दुमडली.